उद्या माझ्याकडे

नव्याला गावात येऊन बरीच वर्षं झाली होती. आल्या वर्षी त्याने बांधावर लावलेलं झाड मोठं झालं, तोडलं गेलं, त्याचा पलंग झाला आणि त्या पलंगाचा एक पाय मोडूनही झाला. तरी त्याचं नाव नवाच होतं. बायको नवी. मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, इथल्याच ओढ्यात बुडता बुडता वाचली, तीही नव्याचीच. शेत बायकोच्या निपुत्रिक मामाचं होतं. मामा गेला, शेत हिच्याकडे आलं आणि शेताबरोबर हे दोघे आले. गावाच्या दृष्टीने ते अजून येतच होते.

कुणी त्यांच्याशी वाईट वागत नव्हतं. वाईट वागले असते तर निदान बोलायला जागा होती. गावात सगळे एकमेकांना अरे-तुरे करत, एकमेकांचे बाप काढत, एकमेकांच्या ताटातलं उचलत. नवा दिसला की आवाज खाली येई. "या, या. बसा ना." लग्नाकार्यात सगळं गाव जमिनीवर मांडीला मांडी लावून बसे आणि नव्याला खुर्ची मिळे. खुर्चीवर तो आणि कधीमधी गुरांचा डॉक्टर. त्या दोघांनी हवापाण्याविषयी बोलायचं, असं ठरून गेलं होतं.

गावात गहू कापायला मजूर मिळत नसत, कारण गावात सगळेच मालक होते आणि कुणाकडेच फार जमीन नव्हती. म्हणून फेरा असे. घरोघरची धडधाकट माणसं विळे घेऊन एका शेतात उतरत, ते संपवत आणि पुढच्या शेतात जात. क्रम लोहार ठरवी, कारण सगळ्यांचे विळे त्याच्या हाताखालून जात आणि कुणाचा गहू कुठवर आलाय हे त्याला बसल्या जागी कळे. नियम एकच होता. ज्याला फेरा हवा, त्याने आदल्या संध्याकाळी भट्टीपुढच्या ओट्यापाशी यायचं आणि सगळ्यांसमक्ष म्हणायचं, "उद्या माझ्याकडे." बस. ज्या दोन घरांत बांधावरून आजोबांच्या वेळेपासून भांडण होतं, त्यांनीही हे एकमेकांसमोर म्हटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या शेतात वाकून, एक अक्षर न बोलता, गहू कापला होता.

नव्याने ते कधीच म्हटलं नव्हतं.

पहिल्या वर्षी त्याला नियम ठाऊक नव्हता. गावाने समजून घेतलं आणि फेरा न बोलावताच त्याच्या शेतावर गेला. शेत मोकळं होतं. नवरा-बायकोने कित्येक दिवस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत खपून सगळं कापलं होतं, पेंढ्या बांधून गंजीही रचली होती. नवा बांधावर उभा राहून हसत म्हणाला, "झालंय आमचं. तुम्हाला कशाला त्रास!" गावचे लोक विळे हातात घेऊन क्षणभर तसेच उभे राहिले. जेवायला बोलावल्या घराला कुलूप दिसावं, तसे. मग लोहार म्हणाला, "बरं," आणि फेरा पुढे गेला. नव्याला वाटलं, पहिल्याच वर्षी आपली चांगली छाप पडली.

त्यानंतर दर हंगामात हेच. फेरा सुरू व्हायच्या आत आपलं संपवायचं आणि मग बाकी सगळ्यांच्या शेतात जायचं. नवा विळ्याचा पक्का होता. ओळीत सगळ्यांच्या पुढे असे, चहाला थांबत नसे, स्वतःचं पाणी स्वतः घेऊन येई. लहानपणी तो काकाच्या घरी वाढला होता. तिथे पोटभर मिळे, पण वाढताना दर वेळी बोलून दाखवलं जाई. तेव्हाच त्याने मनाशी पक्कं केलं होतं की मोठेपणी कुणाचं काही घ्यायचं नाही. ते त्याने तंतोतंत पाळलं, आणि एवढं करूनही आपल्याला खुर्ची का मिळते हे त्याला कळत नव्हतं.

त्या वर्षी गहू एकदम पिकला आणि आभाळही एकदम बिघडलं. दुपारी ऊन चटचट लागे, संध्याकाळी डोंगराच्या बाजूला ढगांची गर्दी होई. रेडिओवरची बाई रोज शांतपणे गारांचं सांगायची. पलीकडच्या खोऱ्यात पडल्याही होत्या. लोहाराने फेरा चार दिवस अलीकडे ओढला. म्हणून नव्यानेही आपली कापणी अलीकडे ओढली, आणि एका पहाटे, अजून नीट दिसतही नव्हतं तेव्हा, डोक्यावर पेंढ्यांचा भारा घेऊन बांध उतरताना त्याचा उजवा पाय उंदराच्या बिळात गेला. पाय तिथेच राहिला आणि नवा पुढे गेला.

आवाज नवीलाही ऐकू आला. वाळकी काठी मोडावी तसा.

"ओरडू नकोस," नवा दात आवळून म्हणाला.

"मी कुठे ओरडतेय?"

"कुणाला बोलवू नकोस. मला धर. घरापर्यंत जाऊ."

नवीने त्याला धरलं. दोन पावलांत त्याचा चेहरा पिठासारखा झाला. शेजारच्या शेताच्या बांधावर तोवर एक बाई येऊन उभी राहिली होती. तिला गाव भोंगा म्हणे. गिरणीचा भोंगा वाजतो तेव्हा निदान वेळ कळते, हिचं तसं नव्हतं.

"काय झालं? पडले? कसे पडले? हलवू नका! अरे ए, कुणी आहे का? नवे पडले! नवे!"

अर्ध्या गावाला जाग आली. चौघे-पाचजण धावले. उचलायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी नव्याच्याच शेळ्यांच्या गोठ्याचं दार बिजागरीतून उपटलं आणि त्यावर त्याला झोपवलं. दाराला शेळ्यांचा वास होता. खाली लेंड्या चिकटलेल्या होत्या.

"थोडा त्रास होईल तुम्हाला," पुढचा म्हणाला.

"नाही नाही. तुम्हालाच त्रास," आडवा नवा म्हणाला.

वाटेत त्याने तीन वेळा त्यांचे आभार मानले. चौथ्या वेळी मागच्या कोपऱ्याला धरलेल्या भोंग्याच्या नवऱ्याने दार इतक्या जोरात हलवलं की नवा गप्प बसला. या नवऱ्याला गाव मुका म्हणे. त्याला बोलता येत होतं, पण त्याच्या घरात दुसऱ्या आवाजाला वावच नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरने घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि पाय खाली टेकवायचा नाही असं बजावलं. किती दिवस, हे विचारल्यावर त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन पानं उलटून दाखवली.

आता शेतात नवी आणि मुलगी. नवा मोडक्या पायाच्या पलंगावर, स्वतःच्या मोडक्या पायाखाली उशी घेऊन. खिडकीतून शेताचा एक तुकडा दिसे. त्यात दोन पाठी वाकायच्या, सरकायच्या, सरळ व्हायच्या. नवा मनातल्या मनात कापायचा. मूठ धर, ओढ, सोड. संध्याकाळी त्याचा उजवा खांदा खरोखर दुखायचा.

संध्याकाळी मुलगी आत आली ती हात पुढे करून. तळव्याला फोड आले होते, त्यातला एक फुटला होता. नवीने त्यावर तेल लावलं. आपल्या हाताकडे तिने पाहिलं नाही.

"किती झालं?" नव्याने विचारलं.

"विहिरीपर्यंतही नाही," मुलगी म्हणाली. "या वेगाने चाललं तर पुढच्या वर्षीचा पेरायची वेळ येईल. बाबा, फेरा बोलवा."

"फेरा आपल्याकडे येत नाही."

"तुम्ही बोलवत नाही म्हणून येत नाही."

"लोकांची स्वतःची कामं पडली आहेत. आभाळ त्यांच्याही डोक्यावर आहे."

"आणि तुम्ही त्यांच्याकडे जाता तेव्हा तुमच्या डोक्यावर काय छप्पर असतं?"

नवी म्हणाली, "बापाशी नीट बोल."

"नीटच बोलतेय. आई, मी इथे जन्मले. परवा विहिरीवर मला विचारतात, 'तुमच्याकडे गव्हाला काय म्हणतात?' तुमच्याकडे म्हणजे कुठे? या खिडकीपलीकडे?"

उत्तर रेडिओवरच्या बाईने दिलं. ती म्हणाली, येत्या दोन-तीन दिवसांत.

दुसऱ्या दिवशी नवी विळे घेऊन भट्टीवर गेली. धार लावायची होती हे खरंच होतं. भट्टीपुढे ओट्यावर भोंगा बसली होती, आणि मुका दगडावर बसून तंबाखू मळत होता. नवीला पाहून भोंगा सरकली. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा केली.

"या. बसा. कसं आहे त्यांचं?"

"बरं आहे."

"काही लागलं तर सांगा हं."

"नाही, काही नाही लागत. सगळं आहे."

लोहाराने विळा भात्यापुढे धरून पाहिला. नुसती धार गेली नव्हती, पातंच घासून घासून चंद्रकोरीएवढं उरलं होतं. "घरच्या दोघीच कापता ना अजून?" तो विळ्याकडेच बघत म्हणाला.

"होईल हळूहळू."

"गारा हळूहळू येत नाहीत."

नवी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. भोंग्याने तिच्याकडे पाहिलं, लोहाराकडे पाहिलं, आणि मग तिच्याने राहवलं नाही.

"बाई, एक विचारू? राग नका मानू, आणि मानलात तरी विचारणारच. आम्ही काय महारोगी आहोत का?"

"अहो, काय बोलता!"

"मग? तुमचा नवरा इतकी वर्षं माझ्या शेतात राबतो. माझी आई गेली त्या हंगामात माझ्या वाटचं त्याने एकट्याने कापलं. मला तुमच्या शेतात एक काडी मोडायला मिळाली नाही. तुमचा बांध माझा बांध एक आहे. मला तुमच्या शेतातल्या मातीचा रंग ठाऊक नाही! तो चहासुद्धा घेत नाही हो आमच्याकडे. पाणी घरून आणतो. मला दरवर्षी वाटतं, आमच्या पाण्यात काय किडे आहेत?"

"तुम्हाला त्रास नको, एवढंच..."

"तुम्ही दोघं तेवढं एकच वाक्य बोलायला शिकला आहात का?"

"ए," मुका म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तेवढंच होतं. पण भोंगा थांबली.

लोहाराने विळा पाण्यात बुडवला. चुर्र झालं. "बाई, पहिल्या वर्षी आम्ही न बोलावता आलो होतो आणि परत फिरलो. त्याला माझी काही हरकत नाही. पण आता न बोलावता येणार नाही. गावातला कुणी येणार नाही, आणि मी त्यांना ये म्हणून सांगणार नाही. आज कुणी नाव घातलेलं नाही. उद्याचा दिवस मोकळा आहे." त्याने विळा तिच्या हातात दिला. "ज्याचं शेत त्याने यायचं. तोंडाने सांगायचं."

"त्यांना पाय टेकवायचा नाही."

"बोलायला पाय लागत नाही," भोंगा म्हणाली. "मलाच बघा."

नवीने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, किड्यांचाही नाही.

"एकट्याने कापलं हे तिला आवडलं नाही?" नव्याने विचारलं.

"आवडलं. म्हणूनच तर."

"मला नाही समजत."

"मलाही नव्हतं समजत. तिथून इथवर चालत येताना थोडं थोडं समजलं." नवी चुलीपुढे बसली, उठली, परत बसली. "पहिल्या वर्षी ते सगळे आले होते ना, तेव्हा तुम्ही बांधावर होतात. मी गंजीमागे होते. मला त्यांचे चेहरे दिसत होते. मला तेव्हाच काहीतरी वाटलं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात."

नव्याने पाय उशीवरून उचलून खाली सोडला. "माझा चांगला सदरा दे," तो म्हणाला.

त्याने दुपारभर भाषण तयार केलं. शाळेत असताना एकदा त्याने पाहुण्यांचे आभार मानले होते, त्याच धर्तीवर. सर्व ज्येष्ठ, सर्व बंधू-भगिनी, आपल्या सर्वांच्या अडचणींची मला कल्पना आहे, तरी परिस्थितीच अशी ओढवली आहे. मुलीने ऐकलं. "फार छान," ती म्हणाली. "ऐकता ऐकता गहू झडून जाईल."

संध्याकाळी एका बाजूला बायको, एका बाजूला मुलगी, मधे नवा, एका पायावर उड्या मारत. वाटेत दोनदा थांबावं लागलं. दोन्ही वेळा कुणीतरी दारात येऊन म्हणालं, "अहो, कशाला आलात, निरोप धाडायचा ना," आणि कुणीही हात दिला नाही, कारण त्याला हात आवडत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं.

ओट्यापुढे माणसं जमली होती. विळे घासायचा आवाज चालला होता, तो थांबला. कुणीतरी आतून खुर्ची आणली.

"खुर्ची नको," नवा म्हणाला.

तो ओट्याच्या कडेला टेकला. प्लास्टर पुढे आडवं, त्यातून बाहेर आलेली पाच बोटं काळीनिळी. डोंगराच्या बाजूचं आभाळ त्याच रंगाचं होतं.

"सर्व ज्येष्ठ," नव्याने सुरुवात केली, "आणि सर्व बंधू..." पुढचं गेलं. पाहुण्यांचे आभारसुद्धा आठवेनात. त्याने घसा खाकरला. माणसं वाट बघत होती. एका म्हाताऱ्याने कानामागे हात धरला.

"माझं एकट्याने होत नाही," नवा म्हणाला.

"काय?" म्हातारा म्हणाला. "ऐकू नाही आलं."

नव्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नवीने मान खाली घातली. मुलीने त्याचा कोपर घट्ट धरला.

"माझं एकट्याने होत नाही!" आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा फारच मोठा निघाला. भट्टीच्या पत्र्याला आपटून परत आला. "उद्या माझ्याकडे."

लोहार भाता ओढत राहिला. तेवढ्या वेळात नव्याला काकाच्या घरातलं ताट आठवलं, काकूचा पळीचा हात आठवला, आणि पळी टाकता टाकता ती काय म्हणायची तेही. आता तेच ऐकू येणार म्हणून तो वाट बघत बसला.

"चहा दोनदा लागतो आम्हाला," भोंगा म्हणाली. "सकाळी एकदा, दुपारी एकदा. साखर हात आखडून घालू नका. आणि माझ्या नवऱ्याला उन्हात डोकं धरतं, त्याला झाडाकडची ओळ द्या."

"झाड मी तोडलं," नवा म्हणाला.

"कळलंच. दुसऱ्याला सावली मिळाली असती ना."

मग कुणीतरी हसलं, आणि विळे घासायचा आवाज परत सुरू झाला.

सकाळी ते आले. नव्याचा पलंग मुलीने बांधावर आणून ठेवला होता, मोडक्या पायाखाली विटा लावून. तो टेकून बसला आणि आयुष्यात प्रथमच आपलं शेत दुसऱ्यांच्या हातात बघू लागला.

ते भयंकर होतं.

मुका कंबरेत वाकतच नव्हता. त्याच्यामागे वीतभर बुडखे उभे राहात होते. दोघीजणी सासवांविषयी बोलत कापत होत्या आणि सासूचा विषय रंगला की ओंब्या मातीत पडत होत्या. लोहार विळे उत्तम करायचा. चालवायचा मात्र चमचा चालवल्यासारखा. त्याच्या पेंढ्या इतक्या सैल की उचलल्या की त्यांचा झाडू होई. कुणीतरी नव्याचा पाण्याचा माठ फोडला आणि "जुना होता," असं म्हणून खापऱ्या बांधाखाली ढकलल्या. सकाळचा चहा पाणचट निघाला, हे प्रत्येकाने वेगवेगळं येऊन नवीला सांगितलं.

"अहो, साखर होती तेवढी घातली," नवी म्हणाली.

"मग साखर घरून आणा की माझ्या," भोंगा ओरडली. "मधे बांध आहे, समुद्र नाही!"

नवी खरोखर गेली. आजवर ती त्या घरात पायरीच्या वर चढली नव्हती. परत आली ती साखरेचा डबा आणि भोंग्याचीच मोठी पातेली घेऊन, आणि घाईत तिचीच चप्पल पायात घालून.

"बोलू नका हं काही," पलंगाशेजारून जाताना ती नव्याला म्हणाली. "चेहरा दिसतोय तुमचा."

"मी कुठे बोलतोय?"

तो दुपारपर्यंत बोलला नाही. पलंगाची पट्टी घट्ट धरून बसला. मुका बुडखे ठेवत ठेवत विहिरीपाशी आला, जिथे गहू सगळ्यात दाट होता आणि जिथली माती नव्याने दरवर्षी स्वतःच्या हाताने फोडलेली होती. मुक्याने मूठ धरली. पार गुडघ्याच्या उंचीवर विळा लावला.

"अरे खालून काप!" नवा किंचाळला. "मुळापासून काप! गवत आहे का ते? अरे वाक ना जरा, मेल्या!"

सगळे विळे थांबले. नव्याने गावातल्या कुणालाही आजवर अरे म्हटलं नव्हतं. त्याचे हात आपोआप जोडले जाऊ लागले. तोंडात माफीचं वाक्य येऊन बसलं.

मुका हळूहळू सरळ झाला. कंबरेवर हात ठेवला.

"कंबर माझी आहे," तो म्हणाला. "तुझी नाही."

मुक्याचं इतकं लांब बोलणं कित्येकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"आणि तू काय खाली बघतोस रे लंगड्या?" भोंगा पलीकडच्या ओळीतून ओरडली. "तुला काम नाही ना? मग वर बघ! आभाळ बघ! खालचं आम्ही बघतो!"

हशा असा झाला की विहिरीतली कबुतरं उडाली. नव्याने वर पाहिलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. आणि वर खरोखरच बघण्यासारखं होतं. डोंगरावरचा ढग मघाशी करडा होता, तो आता हिरवट झाला होता आणि त्याची खालची कड गावाकडे सरकत होती.

"आलं!" नवा ओरडला. "ए, आलं! पेंढ्या उचला! लोहार, तुझ्या पेंढ्या आधी, त्या वाटेत सुटतात! ताडपत्री गंजीवर! दगड ठेव, दगड! तिकडून नाही, वाऱ्याच्या बाजूने!"

कुणी उलट बोललं नाही. माणसं पळत सुटली. मुका एका वेळी पाच-पाच पेंढ्या छातीशी धरून धावत होता, कंबरेची आठवण न ठेवता. मुलगी गंजीवर चढून ताडपत्री ओढत होती आणि खालून चौघेजण एकाच वेळी तिला वेगवेगळं सांगत होते. पहिली गार नव्याच्या प्लास्टरवर पडली, टक्‌ करून. मग दोघांनी त्याला पलंगासकट उचललं आणि सगळं गाव शेळ्यांच्या गोठ्यात घुसलं.

गोठ्याला दार नव्हतं. त्यावर नवा दवाखान्यात गेला होता, आणि ते अजून तिथेच दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभं होतं. गारा आणि पाणी सरळ आत येत होते. शेळ्या, माणसं, विळे, पातेली, सगळं एकमेकांवर रेललेलं. नव्याच्या मांडीवर एक करडू आणि त्या म्हाताऱ्याचा कोपर होता.

"दार कुठे आहे याचं?" लोहाराने विचारलं. त्याच्या मानेवरून पाणी ओघळत होतं.

"तुम्हीच उपटलंत," नवा म्हणाला.

"मग आणायचं नाही का परत?"

"कसं आणू? पायावर? तू आण ना."

"मी का आणू? तुझं दार!"

"मग मला कशाला विचारतोस?"

गारा थांबेपर्यंत दारावरून भांडण चाललं. बाहेर आले तेव्हा ओढ्याकाठचा राहिलेला पट्टा मातीत झोपला होता. तो गेला तो गेलाच. पण गंजी ताडपत्रीखाली उभी होती, जरा कलती, कारण ती लोहाराच्या पेंढ्यांवर रचलेली होती. माणसांनी पाय पुसले आणि दुसरा चहा मागितला. साखर बरोबर होती, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी फेरा भोंग्याच्या शेतात, गारांतून वाचलेला गहू कापायला गेला. नव्याला दोघांनी खांद्याला धरून नेलं आणि बांधावर बसवून पेंढ्या बांधायचे बंध वळायला दिले. दुपारपर्यंत त्यातले निम्मे सुटले, कारण ते काम त्याने कधी केलं नव्हतं. भोंग्याने ते एकेक करून त्याच्या अंगावर फेकले. मग चहा आला. नव्याने घरून आणलेली पाण्याची बाटली पाठीमागे सरकवली आणि कप घेतला. चहा अतिशय गोड होता. त्याने दुसराही घेतला.

डॉक्टरने प्लास्टर कापलं, घोटा वळवून पाहिला आणि म्हणाला, हाड असं सांधलंय की मोडलं होतं हे कुणाला कळणारही नाही. नव्याने ही बातमी घरी सांगितली, पण बाहेर फारशी सांगितली नाही. येताना दार मात्र आणलं, डोक्यावर, एकट्याने. त्याबद्दल लोहाराने त्याला शिव्या दिल्या.

घरात तो सरळ चालतो. शेतातही, जवळपास कुणी नसेल तर. गावात शिरताना मात्र वेशीवरच्या पिंपळापासून पुढे पाय जरासा ओढतो. नवीच्या ते कधीच लक्षात आलं होतं.

"सरळ चाला की," ती एकदा म्हणाली. "बरा झालाय ना पाय?"

"झालाय."

"मग?"

"घरी चालतो ना सरळ."

नवीने पुढे विचारलं नाही. ती भोंग्याकडे विरजण मागायला निघाली होती. घरात विरजण होतं.

परवा एक बियाणं विकणारा माणूस गावात आला. भट्टीपाशी गाडी थांबवून त्याने विचारलं, "नव्यांचं घर कुठलं हो?"

"इथे नवा कुणी नाही," लोहार म्हणाला. "लंगडा आहे एक. तो बघ, येतोय."

नवा रस्त्याच्या मधून येत होता. पाहुणा बघून त्याने पाय जरा जास्तच ओढला. ओट्यावर भोंगा बसली होती. तिने त्याच्या चालीकडे नीट पाहिलं, डोळे बारीक केले, आणि तिचा आवाज ओढ्यापलीकडे, गिरणीपर्यंत, गेला.

"ए लंगड्या! उजवा मोडला होता, उजवा!"

नवा जागच्या जागी थांबला. खाली पाहिलं. पाय बदलला आणि लंगडत ओट्याकडे आला. भोंगा सरकली नाही, म्हणून तो तिला ढकलून बसला.